पावसाळ्यातील आकाशदर्शन

शाळेचे नवे वर्ष जून महिन्यात सुरू होते आणि नैऋत्य मोसमी पाऊसही त्याच सुमारास महाराष्ट्रात येऊन ठेपतो. मुंबईस त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. तेथून पुढे सुमारे चार महिने आकाश बहुधा झाकलेले असते. सूर्य, चंद्र आणि तारे यांचा पाठ वर्षारंभी आला, तर तो फळ्यावरील आकृतीवर उरकला जातो व प्रत्यक्ष आकाश दिवाळीनंतर दाखवू, असे मुलांस सांगण्यात येते. दिवाळी होते, सुट्टी संपते, आणि तोपर्यंत तो पाठ पुष्कळ मागे पडलेला असतो. परिणामी खेड्यातील मुलास मृग, आर्द्रा, मघा, हस्त ही नावे मुखोद्गत असतात, यंदा कोणत्या नक्षत्राचे वाहन बेडूक आणि कोणत्याचे हत्ती हेही तो सांगतो, परंतु त्यांतील एकही नक्षत्र त्यास आकाशात बोट करून दाखविता येत नाही. शहरांच्या मानाने खेड्यांवरील रात्र अजूनही पुष्कळ काळोखी आहे, हे लक्षात घेता ही हानी लहान नव्हे.

वस्तुतः ढगांचे दिवस हेच ह्या विषयाच्या आरंभाचे दिवस होऊ शकतात. आरंभ मृगापासूनच करावा. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास 'मृग लागला' असे घरोघर म्हटले जाते. त्या रात्री आकाश निरभ्र असते, तर मृगाच्या तारका दिसल्या असत्या काय? पुष्कळ प्रौढ माणसेही ह्या प्रश्नास 'होय' असे उत्तर देतील. पण ते बरोबर नाही. नक्षत्र लागले, ह्याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्राच्या भागात आला असा आहे. सूर्याचा वार्षिक मार्ग २७ समान भागांत विभागला असून प्रत्येक भाग ओलांडण्यास त्यास १३ ते १४ दिवस लागतात. सूर्य मृगात असतो तेव्हा मृग सूर्याबरोबरच उगवतो व त्याच्याबरोबरच मावळतो. म्हणून त्या पंधरवड्यात तो रात्री दिसणेच शक्य नाही. तो पाहावयाचा तर डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा तो सायंकाळनंतर पूर्वेस वर आलेला असतो, त्याच्या पोटातील तीन तारकांचा बाण ओळखण्यास सोपा असतो, आणि त्या बाणाची रेषा खाली वाढविली असता तेजस्वी व्याध सापडतो. पावसाने मृग आपल्यापासून लपविला, ही समजूत अशा रीतीने पहिल्याच आठवड्यात दूर होते.

ह्यापुढची पायरी थोड्या हिशेबाची आहे. कोणताही तारा आज ज्या वेळी उगवला, त्यापेक्षा उद्या सुमारे ४ मिनिटे लवकर उगवतो. पंधरा दिवसांत हा फरक एक तासाचा होतो व महिन्यात दोन तासांचा. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असता सूर्याभोवतीही पुढे सरकते, हे त्याचे कारण होय. आता हा हिशेब उलटा मांडून पाहावा. १५ जुलैस रात्री ९ वाजता जे तारे माथ्यावर असतात, तेच १५ जूनला ११ वाजता, १५ मेस रात्री १ वाजता, १५ एप्रिलला पहाटे ३ वाजता आणि १५ मार्चला पहाटे ५ वाजता त्याच जागी असतात. म्हणजे ढगांनी जुलैमधील रात्रीचे ९ वाजणे हिरावून घेतले, तरी तोच देखावा मार्चच्या कोरड्या, स्वच्छ पहाटे आधीच येऊन गेलेला असतो व पुढील मार्चमध्ये पुन्हा येणारच असतो. जून ते ऑगस्टमध्ये सायंकाळनंतर दिसणारे आकाश वर्षातील अत्यंत संपन्न आकाशांपैकी एक आहे. दक्षिणेस नांगीसहित संपूर्ण वृश्चिक, त्यात तांबूस ज्येष्ठा, तिच्यामागे मूळ आणि धनू, व त्यांच्यामधून जाणारा आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग. आपल्या प्रांतात हा भाग सायंकाळी मोकळेपणी पाहावयास मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. तिचे निवारण पहाटे उठण्यात आहे, दुर्बीण विकत घेण्यात नाही.

उल्कावर्षावांसही हीच दृष्टी लागू पडते. १२-१३ ऑगस्टच्या सुमारास होणारा ययाती तारकासमूहातील वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांतच जातो; १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतील वर्षाव त्याहून कमी नाही आणि थंडीच्या आकाशात निर्वेध दिसतो. शून्य छायेच्या दिवसाची गोष्ट मात्र जरा अडचणीची आहे. पुण्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा ठीक माथ्यावर येतो. एकदा मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस. दुसरा दिवस ढगांत जातो आणि पहिला उन्हाळी सुट्टीत! त्यामुळे ही गोष्ट मुलांना सुट्टीतील घरकाम म्हणून सांगणे एवढाच उपाय उरतो. अंगणात सरळ काठी रोवून दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली दररोज पाहिली, तर ती नाहीशी होण्याचा दिवस मुलांस आपोआप सापडतो. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नये, ही सूचना मात्र त्यांस आधीच निक्षून द्यावी.

पावसाळ्यातील सर्वच रात्री पूर्णपणे झाकलेल्या असतात, असेही नाही. कोकणात व घाटमाथ्यावर सलग कित्येक दिवस तारा दिसत नाही हे खरे. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, पावसाची उघडीप वारंवार मिळते. पावसाने हवेतील धूळ धुऊन गेलेली असल्यामुळे अशा उघडिपीतील तारे उन्हाळ्यातल्यापेक्षा अधिक लखलखीत दिसतात. ढगांच्या फटीतून एकच तारा दिसला असता तो कोणता हे ओळखणे, हा मोकळ्या आकाशात तारे ओळखण्याहून कठीण व म्हणून अधिक उपयोगाचा अभ्यास आहे. मोकळ्या आकाशात शेजारच्या ताऱ्यांचा आधार मिळतो. फटीत मात्र दिशा, उंची, रंग आणि घड्याळ एवढीच साधने हाती असतात. ऑगस्टच्या मध्यास रात्री ९ वाजता माथ्याच्या किंचित उत्तरेस शुभ्र व ठळक तारा दिसला, तर तो अभिजित; त्याच्या आग्नेयेस, दोन लहान तारकांच्या मधोमध असलेला श्रवण; ईशान्येकडे हंस. पश्चिमेकडील नारिंगी छटेचा तारा स्वाती होय. हे निरीक्षण घराच्या ओट्यावरून किंवा शाळेच्या पायरीवरून करावे. ह्या दिवसांत साप-विंचवाचे भय असते. अंधारात मुलांस माळावर नेण्याचे कारण नाही. शिक्षक गावी मुक्कामास नसतील, तर मुलांनी रात्री पाहावे व सकाळी वर्गात सांगावे.

विरळ ढगांतून तारे दिसेनासे होतात, परंतु चंद्र दिसतो. आणि आपल्या पंचांगाची रचना अशी आहे की चंद्र दिसला म्हणजे नक्षत्राचा पत्ता लागला. चंद्र दररोज सुमारे एक नक्षत्र पूर्वेकडे सरकतो. ज्या महिन्याची पौर्णिमा ज्या नक्षत्राच्या आसपास होते, त्यावरून त्या महिन्याचे नाव पडले आहे. म्हणून नारळी पौर्णिमेच्या रात्री ढगांआडचा चंद्र जेथे उजळलेला दिसेल, त्याच भागात श्रवण आहे असे मुलांस सांगता येते. आषाढी एकादशी पौर्णिमेच्या चार दिवस आधी येते. तेव्हा आषाढा नक्षत्रांपासून चार घरे मागे मोजली असता त्या रात्रीचा चंद्र अनुराधेच्या आसपास असला पाहिजे, हे सातवीतील मुलगाही बोटांवर मोजून काढील. चंद्राभोवती पडणारे खळे हेही ह्याच दिवसांतील धन होय. खळे मोठे असेल, म्हणजे हात लांब करून ताणलेली वीत चंद्रापासून त्याच्या कडेपर्यंत पुरत असेल, तर ते फार उंचावरील विरळ ढगांतील हिमकणांमुळे पडलेले असते व त्याची त्रिज्या सुमारे २२ अंश असते. चंद्रास लगटून असलेले लहान रंगीत कडे जलबिंदूंमुळे उत्पन्न होते.

झड लागलेल्या दिवसांकरिता एक साधन सुचविण्यासारखे आहे. ते पावसाळ्यात घरोघर असते व त्यास खर्च नाही. आठ काड्यांची काळी छत्री घ्यावी. तिच्या टोकाच्या जागी ध्रुव मानावा आणि आतील बाजूस खडूने, ताऱ्यांच्या नकाशावरून पाहून, एका अंगास सप्तर्षी व त्याच्या समोरच्या अंगास शर्मिष्ठा काढावी. दोन्ही टोकापासून काठापर्यंतच्या अंतराच्या साधारण मध्यावर येतील. नंतर छत्रीचा दांडा उत्तरेकडे धरून टोक थोडे वर उचलावे. किती वर? आपल्या गावाचा जितका अक्षांश तितके अंश : कोल्हापुरास सतराहून किंचित कमी, धुळ्यास जवळजवळ एकवीस. मुलांनी छत्रीखाली बसून आतून पाहावे व दांडा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळूहळू फिरवावा. संपूर्ण फेरी म्हणजे २४ तास; काड्या आठ, म्हणून एका काडीपासून दुसऱ्या काडीपर्यंत ३ तास. सप्तर्षी वायव्येस उतरू लागले की शर्मिष्ठा ईशान्येस वर येते, आणि ध्रुव मात्र जागचा हालत नाही, हे चौथीच्या मुलास एका तासात उमगते. पुढे सप्टेंबरमध्ये एखाद्या रात्री ढग फाटून उत्तर दिशा मोकळी झाली, तर शर्मिष्ठा शोधण्यास त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

ढगांच्या फटीतून मोठे कार्य साधल्याचे उदाहरण आपल्याच परिसरातील आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी, भर पावसाळ्यात, हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल हे त्यासाठी तेव्हाच्या जमखंडी संस्थानात उपकरणे लावून बसले होते. ऐन खग्रास स्थितीत ढग सूर्यावरून सरकू लागले. तथापि मध्येच मिळालेल्या थोड्या उघडिपीत त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि त्या ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे त्यातील तेजस्वी रेषांवरून ठरले. त्याच ग्रहणासाठी गुंटूर येथे आलेले फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या रेषा पाहून दाखविल्या. हर्शेल यांच्यापाशी उपकरण आधीच नेमके रोखून ठेवलेले होते आणि काय पाहावयाचे हे ठरलेले होते. उघडीप आल्यावर तयारीस लागण्याइतका वेळ तेथे नव्हताच.

हे सारे टिपण्यासाठी शाळेत एक आकाशवही ठेवावी. साधी आखीव वही पुरते. तीत तारीख, तिथी, वेळ, ढग व दिसलेल्या गोष्टी असे रकाने असावेत. हवामानशास्त्रात ढगांचे प्रमाण आठांत मोजतात : आकाशाचे मनाने आठ भाग करावे व त्यांतील किती झाकले आहेत, तो अंक लिहावा, निरभ्र असल्यास ०, संपूर्ण झाकले असल्यास ८. ज्या रात्री काहीच दिसले नाही, ती रात्रही लिहावी, गाळू नये. वेळ शक्यतो रोज एकच, रात्रीचे ९, ठेवावी. वहीचे काम पाळीपाळीने दोघा-दोघा मुलांकडे द्यावे व तीन-चार वर्षे ती वही बदलू नये. मग आपल्या गावी श्रावणात कोणत्या पंधरवड्यात उघडीप अधिक असते, हे कोणास विचारावे लागणार नाही. १५ जुलैच्या ओळीत बहुतेक वर्षी ढग ८ असेच लिहिलेले आढळेल. तिच्या शेजारी थोडी जागा कोरी सोडावी, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तयारीसाठी पहाटे उठणारी मुले मार्चमध्ये तेथे लिहू शकतील : १५ मार्च, पहाटे ५, ढग ०, दक्षिणेस वृश्चिक, ज्येष्ठा तांबूस, नांगी पूर्ण दिसली.