गाळप परवान्याला आणखी एक अट लावा

गाळप हंगामाची तारीख ठरली की एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर), उतारा आणि दराचं आंदोलन यांपलीकडे बातमी जात नाही. बीडच्या ऊसतोड बायका 2019 मध्ये पहिल्या पानावर आल्या, त्या अपवाद म्हणून. सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. सहा जणींमागे एक! त्यावर उपाय निघाला तो असा: खासगी दवाखान्याने शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. वाईट नाही. चाप हवाच होता.

पण बाई त्या दवाखान्यापर्यंत पोचते कशी? मजूर पुरवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ते कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. पाळीत पोट धरून ती कोपीत पडून राहिली की खाडा लागतो आणि त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, फडकं दिवसभर तेच. त्यातच डोक्यावर मोळी घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं आणि कुणीतरी डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट जाईल.

यातला आजार तेवढा आरोग्य खात्याचा. मजुरी कामगार खात्याची, पोरांची शाळा शिक्षण खात्याची, पाणी कुणाचंच नाही. प्रत्येक खात्याच्या धोरणात आरोग्याचा विचार हवा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या ॲडलेड निवेदनात 2010 सालीच म्हटलंय. आपल्याकडे त्याची समन्वय समिती होते आणि इतिवृत्तात संपते.

माझ्या मते किल्ली पुण्यात, साखर आयुक्तांच्या टेबलावर आहे. एफआरपी थकवली तर ते गाळप परवाना अडवू शकतात; परवाना अडला की कारखानदार धावत येतो. मग मजुरांच्या तळावर संडास, पाणी आणि पाळीच्या दिवसांत खाडा नाही, एवढं त्याच परवान्यात का लिहू नये? शेतकऱ्याच्या पैशाला जो वचक आहे, तो तोडणाऱ्या बाईच्या प्रकृतीलाही असावा.

यावर कारखानदारांचं ठरलेलं उत्तर असतं: मजूर मुकादमाचे, आमचा संबंध नाही. मग गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं सरकारने ठरवलं, ते कोणत्या संबंधाने?