पापलेटच्या पिल्लाचे पहिले दिवस

 तानसा नदी वैतरणेला मिळते आणि वैतरणा अर्नाळ्याच्या उत्तरेला समुद्र गाठते. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत गाळ आणि अन्न आणतं. तिवरांच्या मुळांत बोय, जिताडा, कोळंबी यांची पिल्लं वाढतात. तरीही किनाऱ्यावरच्या मासळीचं भवितव्य एकट्या खाडीच्या हाती नसतं. अरबी समुद्रात काय चाललंय, यावरही ते बरंच अवलंबून असतं.

माशाची मादी हजारो, काही जातींत लाखो अंडी सोडते. त्यांतली जेमतेम काही मोठी होतात. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाला थोडेच दिवस पुरेल एवढा बलक असतो. तो संपण्याआधी त्याला पाण्यातले सूक्ष्म जीव खायला मिळाले नाहीत, तर ते मरतं. एखाद्या वर्षाची मासळी याच नाजूक दिवसांत ठरते, असा विचार नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये मांडला.

समुद्र तापत असल्यामुळे आज हेच दिवस अधिक कठीण होत आहेत.

पाणी तापलं की पिल्लाची ऊर्जा लवकर खर्ची पडते आणि बलक आधीच संपतो. वरचं तापलेलं, हलकं पाणी खालच्या थंड, पोषक पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे अन्नसाखळीच्या तळाशी असलेले वनस्पतिप्लवंग घटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत ही घट २० टक्क्यांपर्यंत गेली.

प्राणवायूचीही अडचण आहे. अरबी समुद्राच्या खोल भागात प्राणवायू फारच कमी असलेल्या पाण्याचा विस्तीर्ण थर आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात असं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात वर चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरव्या नॉक्टिल्युका या सूक्ष्म प्लवंगाचे थर पसरतात. कमी प्राणवायूत तिचं फावतं. ती जेलीफिश आणि सॅल्पच्या पोटात जाते, पण माशांच्या पिल्लांचं अन्न असलेल्या कोपेपॉडांच्या फारशी उपयोगाची नसते.

पाण्याचं तापमान सातपाटीच्या किंवा वसईच्या कोळ्यांच्या हातात नाही. जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या भोकांचा आकार, मात्र आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केलं आणि ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. जून-जुलैची मासेमारीबंदीही आहेच. पण डोल जाळ्यांच्या बारीक आसांत लहान पिल्लं अडकत राहिली आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळत राहिलं, तर तापत्या समुद्रातून निभावलेली पिल्लंही अंडी घालायला उरणार नाहीत. म्हणून मोजपट्टीचा वापर बंदरावर व्हायला हवा, तसाच मासळीबाजारातही.