कॉम्प्रेसर घेताना नुसता एचपी पाहू नका!

धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या आपल्या पाचोडला ट्रक, ट्रॅक्टर, मोटारसायकलींची कायम वर्दळ असते. पंक्चर-टायरच्या धंद्याला येथे वाव आहे. आयटीआय झालेला मुलगा दुकान टाकतो म्हणतो. घरचे लोक बचत मोडतात, कर्ज काढतात. पण दुकानातील मोठ्या खर्चाची वस्तू म्हणजे कॉम्प्रेसर, आणि तो मात्र विक्रेता सांगेल त्या एचपीवर घेतला जातो. येथेच फसगत होते.

एचपी ही मोटारीची ताकद झाली. कामाला लागते ती हवा. दर मिनिटाला किती घनफूट हवा मिळते, तो आकडा म्हणजे सीएफएम. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. पीएसआय हा हवेचा दाब. मोटारसायकलच्या टायरला तो ३० च्या आसपास, तर ट्रकच्या टायरला १०० च्या वर लागतो. दाब भरपूर, पण हवा कमी, असे झाले तर नट खोलायची गन मध्येच दम टाकते आणि गिऱ्हाईक ताटकळते.

सीएफएमचेही दोन आकडे असतात. ‘डिस्प्लेसमेंट’ म्हणजे पिस्टन ओढतो ती हवा. ‘एफएडी’ म्हणजे प्रत्यक्ष हाती येणारी हवा. पगाराचा एकूण आकडा आणि कपात होऊन हातात पडणारी रक्कम, तसाच हा फरक. लहान कॉम्प्रेसरमध्ये एफएडी साधारण दोन-तृतीयांशच भरते.

आता हिशेब करू. समजा, गनला ५ आणि टायर भरायला २, असे एका वेळी ७ सीएफएम लागतात. पाव हिस्सा जास्त धरला, तर सुमारे ९ हवेत. पण ९ डिस्प्लेसमेंटचा कॉम्प्रेसर आणला, तर हाती ६ च येतील! मग मशीन विसावा न घेता चालते, तापते, रिंगा झिजतात, वीजबिल वाढते. मोठी टाकी घेऊनही हे भागत नाही. टाकी हवा साठवते, तयार करीत नाही.

म्हणून आपल्या अवजारांची यादी करा. ‘किती पीएसआयला किती एफएडी?’ हे विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. मोटार सिंगल फेजची की थ्री फेजची, हे दुकानाच्या वीजजोडणीशी ताडून पाहा. टाकीतले पाणी रोज काढा आणि सेफ्टी व्हॉल्व कधीही बंद करू नका.

हप्ता आपल्यालाच फेडायचा आहे. तेव्हा आधी आकडा, मग सही!