ताशी चार मैल: टॉम आणि अँजेला रोल्टची कालव्यातली सफर

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत.

जुलै १९३९. इंग्लंडमधलं बॅनबरी. टॉम रोल्ट, वय २९, मेकॅनिकल इंजिनिअर. त्याच महिन्यात त्याचं अँजेलाशी लग्न झालेलं, तेही तिच्या वडिलांचा विरोध पत्करून. दोघांनी घर भाड्यानं घेतलं नाही. 'क्रेसी' नावाच्या जुन्या लाकडी मालवाहू बोटीत संसार थाटला. आत पुस्तकांचं कपाट होतं, चक्क आंघोळीचा टबही होता. आणि निघाले. ऑक्सफर्ड कालवा, मग लेस्टरकडे, तिथून सोअर आणि ट्रेंट नद्या, पुढे ट्रेंट अँड मर्सी कालव्यानं चेशरपर्यंत. या सफरीवर टॉमनं पुस्तक लिहिलं, 'नॅरो बोट'. त्यात सुमारे ४०० मैलांचा प्रवास आहे.

नॅरो बोट म्हणजे शब्दशः अरुंद बोट. लांबी साधारण ७० फूट, रुंदी जेमतेम ७. दोन एसटी एकामागे एक उभ्या करा आणि दोन्ही बाजूंनी दाबा, तसं काहीतरी. इतकी अरुंद का? कारण तिथले लॉकच सात फुटी आहेत. (नाही, डेटाबेसवाला लॉक नाही. पण एका वेळी एकालाच प्रवेश, बाकीचे रांगेत, हा नियम तोच!)

कालव्यातलं पाणी सपाट असतं, जमीन मात्र चढते-उतरते. म्हणून पायऱ्या करायच्या, आणि प्रत्येक पायरीवर एक विटांची उभी टाकी, दोन्ही टोकांना दारं. वर चढायचं असेल तर बोट खालून आत घ्या, मागची दारं लावा. मग वरच्या दाराजवळची झडप लोखंडी हँडलनं फिरवून उघडा. वरचं पाणी आत येतं, बोट लिफ्टसारखी उचलली जाते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली की वरचं दार ढकलून उघडायचं. त्याआधी कितीही जोर लावा, हलणार नाही, कारण पाण्याचा दाबच ते मिटून धरतो. खालची दारं 'व्ही' आकारात वरच्या बाजूला टोक करून मिटतात, त्यामुळे दाब वाढेल तशी ती आणखी घट्ट बसतात. पंप नाही, वीज नाही. मला हे डिझाइन भयंकर आवडतं.

एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं काठावर उतरून हँडल आणि दारं सांभाळायची. वूस्टरशरमधल्या टार्डबिग इथे असे ३० लॉक ओळीनं आहेत, साडेतीन किलोमीटरमध्ये. युद्धाच्या काळात रोल्ट जोडपं बोटीसह काही वर्षं तिथेच राहिलं.

हो, युद्ध. सफर चालू असतानाच सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि चेशरमध्ये दोघं थांबले. पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशकांनी नाकारलं, शेवटी १९४४ मध्ये ते छापून आलं. त्यात निसर्गवर्णन भरपूर आहे, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. कोळसा वाहणारी बोटीवरची कुटुंबं, तीनेक मीटरच्या केबिनमध्ये अख्खा संसार, आणि रेल्वे-ट्रकनं धंदा पळवल्यामुळे ओस पडत चाललेले कालवे, हे सगळं त्यानं अगदी शेवटच्या काळात टिपलं. वाचून रॉबर्ट आइकमन नावाच्या लेखकानं त्याला पत्र लिहिलं, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' उभी राहिली.

आता खरी गंमत. न वापरलेल्या कालव्यात गाळ आणि गवत साचतं, पाण्याबाहेर राहिलेली लाकडी दारं सुकून तडकतात. आणि 'इथे कोणी येतच नाही' म्हटलं की तो कायद्यानं बंद करायला वाट मोकळी. म्हणजे वापर हाच बचाव! स्ट्रॅटफर्ड कालव्यावर बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेनचा उघडणारा पूल मोडल्यावर त्याजागी ठेंगणा पक्का पूल बसवला होता. खालून बोट जाईना. पण कायद्यानं तो जलमार्ग चालूच होता. प्रश्न थेट हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेला. मालक रेल्वे कंपनीनं सांगितलं, आधी कळवा, पूल उचलून देऊ. टॉमनं कळवलं. मे १९४७ मध्ये रेल्वेच्या माणसांनी जॅक लावून पूल उचलला आणि क्रेसी खालून गेली. पुढे तिथे फिरता पूल आला.

याच कालव्याचा दक्षिण भाग १९५८ च्या सुमारास बंद करायचा घाट घातला गेला. तीन वर्षांत वापर नाही, असा दावा. विरोधकांनी काय काढून दाखवलं? छोट्या होडीनं गेलेल्यांचं पैसे भरल्याचं तिकीट! परवानगी नाकारली गेली, आणि दुरुस्तीनंतर १९६४ मध्ये तो भाग पुन्हा उघडला.

जोडप्याचं म्हणाल तर १९५१ मध्ये ते वेगळे झाले. अँजेला सर्कसमध्ये गेली (हो, खरंच). टॉमचं आइकमनशी बिनसलं आणि स्वतःच सुरू केलेल्या संस्थेतून त्याला काढलं. क्रेसीचं लाकूड कुजलं होतं, तीही गेली.

तिथे आजही आठवड्यासाठी नॅरो बोट भाड्यानं मिळते. चालवायला लायसन्स लागत नाही, निघण्याआधी तिथलेच लोक शिकवतात. वेगमर्यादा ताशी ४ मैल, काठावरून चालणारा माणूस तुमच्या बरोबरीनं येतो. दोघं जाणार असाल तर हँडल कोण फिरवणार, ते आधीच ठरवा.