दिवा लागला की कॅट गेला?

दहा-बारा वर्षं चाललेली पेट्रोल गाडी. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो, पडद्यावर ‘पी ०४२०’ उमटतं आणि निकाल लागतो: “साहेब, कॅट गेला. बदलावा लागेल.” आकडा ऐकून साहेबांचा चेहरा उतरतो.

खरं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या मर्यादेखाली गेल्यासारखं दिसतंय, एवढंच तो कोड सांगतो. पाहणारा असतो मागचा ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचीही गल्लत होऊ शकते.

अशा गाडीत बहुतेक वेळा दोन सेन्सर असतात. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण सांभाळण्याची ही धडपड. त्यामुळे पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा खाली-वर होत राहतो. कन्व्हर्टरच्या जाळीवरचा थर ऑक्सिजन स्पंजासारखा धरतो आणि सोडतो. म्हणून धडधाकट जाळीच्या मागच्या बाजूला ही वरखाली विरते, स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सपाट दिसते. तीच रेघ पुढचीच्या तालावर नाचू लागली, की ईसीयू दिवा लावतो. पण गास्केट फुटून किंवा सायलेन्सरचा जोड सैल होऊन बाहेरची हवा आत ओढली गेली, तरी मागच्या सेन्सरचं गणित चुकतं. इंजिन थंड असताना गाडी चालू करून जोडांपाशी फुसफुस ऐकू येते का, हे पाहायला एक पैसा लागत नाही. आधी ते पाहावं.

मागचा सेन्सर बदलला की दिवा जातो, ही दुसरी समजूत. कधी सेन्सरच बिघडलेला असतो, नाही असं नाही. पण जाळीच कामातून गेली असेल, तर नवा सेन्सरही तेच सांगणार.

‘कॅट म्हातारा झाला’ हेही अर्धंच खरं. त्यात हलणारा भाग एकही नाही. तो थकतो, पण बऱ्याचदा त्याचा बळी जातो. एप्रिल १९९५ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा सोबत शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं, कारण शिशाने जाळीवरचा थर निकामी होतो. शिसं गेलं, बाकीचे मारेकरी उरले. रिंगा झिजून जळणारं इंजिन ऑइल, हेड गास्केटमधून झिरपणारं कूलंट आणि सगळ्यांत घातकी म्हणजे मिसिंग. एखादी इग्निशन कॉइल दगा देते, न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि सिरॅमिकची जाळी वितळून बसते. कात्रजचा चढ गाडीला जड जाऊ लागतो. अशा वेळी कॉइल तशीच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर त्याचीही तीच गत.

मग येतो गॅरेजचा लाडका उपाय: सळईने जाळी फोडून डबा रिकामा करा, पिकअप वाढेल, अॅव्हरेज वाढेल! या अफवेला तेवढ्यापुरता आधार आहे. तुंबलेली जाळी इंजिनाचा श्वास कोंडतेच. चांगली जाळी मात्र फारशी आडवी येत नाही, त्यामुळे ती फोडून हाती येतो तो आवाज, वास आणि मागचा सेन्सर जागा असेल तर पुन्हा तोच दिवा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फोडलेली ‘माती’ कुठे जाते, हेही विचारावं. तिच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. काही ग्रॅमच, पण २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत उगाच फिरत नव्हत्या.

“पीयूसी निघते ना, मग झालं!” हेही नेहमीचंच. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. कन्व्हर्टर ज्यांचं विघटन करतो, ते नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. उलटही घडतं. साधारण २५०-३०० अंश तापेपर्यंत कन्व्हर्टर कामाला लागत नाही. शेजारच्या गल्लीतून थंड गाडी आणली, तर चांगला कन्व्हर्टर असूनही ती नापास होऊ शकते.

सेन्सर बदलायचाच असेल, तर इंजिन कोमट असताना खोलावा. वायरीसाठी खाच असलेला २२ एमएमचा सॉकेट लागतो. साधा पाना घसरला की आटे गेले. नव्या सेन्सरच्या आट्यांना ग्रीस बहुधा लावलेलंच येतं, ते टोकाला लागू देऊ नये. हातातून पडलेला सेन्सर बसवू नये, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं.

आणि काम झाल्यावर गॅरेजवाल्याने कोड पुसून विझलेला दिवा दाखवला, तर लगेच भुलू नये. ईसीयू कन्व्हर्टरची परीक्षा पुन्हा घेतो ती गाडी नीट तापून काही काळ एका वेगाने धावल्यावर. हायवेवर फेरी मारून यावं, स्कॅनर पुन्हा लावायला सांगावा, मागची रेघ सपाट आहे का बघावं आणि मग पाकीट काढावं.