साइज सरकलीय का?

भोसरी एमआयडीसीतला छोटा गाळा असो की चाकण-महाळुंगे पट्ट्यातली मोठी व्हेंडर कंपनी, सीएनसी मशीनपाशी दर शिफ्टला एक प्रश्न हमखास येतो: साइज सरकलीय का, ऑफसेट द्यायचा का? मायक्रोमीटर हातात असतो, रीडिंग समोर असतं, तरी निर्णय होत नाही. एकाच मशीनवर, एकाच इन्सर्टने, एकाच बारमधून काढलेले दोन जॉबसुद्धा मायक्रॉनपर्यंत सारखे निघत नाहीत. मग दिसतोय तो फरक नेहमीच्या चढउताराचा, की खरंच काही हललंय? कॉलेजात ‘गृहीतक चाचणी’ या धड्यात मुलं झेडचं सूत्र पाठ करतात ते नेमकं याच प्रश्नासाठी आहे. ज्यांच्या घरातलं कुणी तरी रोज मशीनवर उभं असतं, त्या मुलांनाही हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

समजा, २० मिलिमीटर व्यासाची पिन काढायची आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्स अधिक-उणे २५ मायक्रॉन. जुन्या नोंदी सांगतात की सेटिंग बरोबर असताना सरासरी २०.००० येते आणि प्रमाण विचलन ६ मायक्रॉन असतं. आज सकाळी ओळीने नऊ पिना मोजल्या, सरासरी आली २०.००४. चार मायक्रॉन जास्त.

आता ‘काहीही बदललेलं नाही’ असं धरून चालायचं. हेच शून्य गृहीतक. ते खरं असेल तर नऊ जॉबची सरासरी किती हलावी? एकेका जॉबइतकी नक्कीच नाही, कारण एक थोडा मोठा निघतो, दुसरा थोडा लहान, आणि सरासरीत बरीच भरपाई होते. म्हणून ६ ला नऊच्या वर्गमुळाने, म्हणजे तीनने भागायचं: २ मायक्रॉन. ही प्रमाण त्रुटी. फरक ४, त्रुटी २, म्हणून झेड २. मशीन जागेवर असताना इतका किंवा याहून मोठा फरक, वर किंवा खाली, शंभरात साधारण साडेचार वेळा निव्वळ योगायोगाने दिसतो. पाठ्यपुस्तकातली पाच टक्क्यांची रेषा झेड १.९६ वर आहे. आपण ती जेमतेम ओलांडली.

हाच चार मायक्रॉनचा फरक चारच जॉब मोजून मिळाला असता तर झेड १.३३ आला असता, आणि असं शंभरात अठरा वेळा आपोआप घडतं. छत्तीस जॉब मोजून मिळाला असता तर झेड ४. तो योगायोग लाखात सहा वेळा. फरक तोच, पण त्यावर किती विश्वास ठेवायचा ते नमुना ठरवतो. आणि मशीनचं प्रमाण विचलन आधीपासून माहीत नसेल, पाच जॉबवरूनच ते काढायचं असेल, तर झेड वापरूच नये. तिथे टी-चाचणी लागते आणि १.९६ ऐवजी २.७८ ची रेषा ओलांडावी लागते.

शिकवणारेही अनेकदा घसरतात ते पुढे. साडेचार टक्के म्हणजे ‘मशीन ठीक असण्याची शक्यता साडेचार टक्के’ असं नव्हे. मशीन ठीक आहे असं धरल्यावर असं रीडिंग किती विरळ, एवढंच ते सांगतं. झेड १.९६ च्या आत आला म्हणून मशीन ठीक असल्याचं सिद्ध होत नाही. सरकल्याचा पुरावा पुरेसा नाही, इतकंच. शिवाय टॉलरन्सचा हिशोब निराळाच. मोजमापं घंटाकृती वितरणात पडतात असं धरलं, तर सेटिंग मध्यावर असताना लाखात सुमारे ३ पिना टॉलरन्सबाहेर जातील आणि चार मायक्रॉन सरकल्यावर सुमारे २३. ब्रेकच्या भागासाठी हा फरक मोठा, गेटच्या बिजागरीसाठी नगण्य. ते झेड ठरवत नाही.

रेषा कुठे आखायची हा प्रश्न १९३३ मध्ये जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी नीट मांडला. चुका दोन प्रकारच्या: ठीक असलेलं मशीन थांबवणं आणि बिघडलेलं चालू ठेवणं. तेवढ्याच नमुन्यात एक कमी केली की दुसरी वाढते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या वर्तुळात एक मराठी विद्यार्थी होता: सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुढे कुपोषितांची गणना कशी करायची या वादात ते म्हणाले, माणसाची ऊर्जेची गरज दिवसागणिक वरखाली होते, म्हणून रेषा सरासरीवर नको, दोन प्रमाण विचलनं खाली हवी; नाहीतर धडधाकट माणूसही कुपोषित ठरेल. टीकाकारांचं म्हणणं, अशाने खरे उपाशी गणनेतून सुटतील. दोघांना वेगवेगळ्या चुकीची भीती होती.

कारखान्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेख सुचवला. त्यातली रेषा तीन प्रमाण विचलनांवर. स्वातंत्र्याच्या सुमारास संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतातही येऊन गेले. तीनच्या रेषेवर खोटी धोक्याची घंटा दहा हजारांत २७ वेळा वाजते. दर तासाला नमुना तपासणाऱ्या शॉपसाठी पाच टक्क्यांची रेषा फार जवळ पडते, वीस नमुन्यांत एकदा विनाकारण मशीन थांबेल. म्हणून तीन.

रेषाच नसेल तर काय होतं, हेही मोजता येतं. आपल्याच मशीनवर एखादा मेहनती ऑपरेटर प्रत्येक पिन मोजतो आणि जितका फरक दिसेल तितका उलटा ऑफसेट लगेच देतो, असं धरा. मशीन जागेवरच होतं, तो योगायोगामागे धावत राहतो. गणिताने विखुरणं १.४१ पट होतं: ६ चे साडेआठ मायक्रॉन. लाखात ३ पिना बाहेर जायच्या, त्या आता ३२० च्या आसपास जातात. मग रिजेक्शनचा तक्ता वर जातो आणि मेमो त्याच माणसाला मिळतो, जो प्रत्येक जॉब मोजत होता. त्याला आलेख कुणी शिकवलाच नव्हता.