भेंडीचा तारा आणि पळसाचा रंग

नाताळ किंवा पास्काचा सण जवळ आला की शुभेच्छांची देवाणघेवाण सुरू होते. आज ती बहुतांशी मोबाईलवर होते. एकाच चित्राच्या शेकडो प्रती क्षणात रवाना होतात. परंतु ज्यांच्याकडे तसा फोन नाही, किंवा असूनही ज्यांना त्यातील अक्षर दिसत नाही, अशी वयोवृद्ध व आजारी माणसे त्यातून नकळत वगळली जातात. अशांसाठी हाताने केलेले शुभेच्छापत्र हा सोपा व अल्पखर्चिक मार्ग आहे. पारशिवनीसारख्या तालुक्यात तर त्याचे बहुतेक साहित्य स्वयंपाकघरात आणि शेताच्या बांधावर मिळते.

छापील नाताळपत्राचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र पोहोचविणारी टपालसेवा सुरू झाली. पत्रांचा ओघ वाढला आणि प्रत्येकाला उत्तर लिहिण्यास सवड मिळेना, म्हणून १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक पत्र तयार करवून घेतले. त्याच्या सुमारे १००० प्रती शिळाछापावर काढून त्यांत हाताने रंग भरण्यात आले. म्हणजे वेळ वाचविणे हाच त्याचा हेतू होता! तरीही त्यात दोन गोष्टी लक्षणीय होत्या. मध्यभागी सणाचा आनंद घेणारे कुटुंब आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न व गरजूंना वस्त्र देण्याची चित्रे होती. तसेच घेणाऱ्याचे व पाठविणाऱ्याचे नाव हाताने लिहिण्यासाठी कोरी जागा राखलेली होती.

कागद आणि पार्श्वरंग

ड्रॉइंगचा जाड, खरखरीत कागद घ्यावा. गुळगुळीत, चकाकणाऱ्या कागदात शाई मुरत नाही, ती पुसली जाते. हातकागद मिळाल्यास उत्तमच. आपल्या विदर्भातील वर्धा येथे १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने ज्या उद्योगांना चालना दिली, त्यांत हातकागदही होता.

पार्श्वभूमीसाठी पाण्यात पातळ केलेली शाई चालते. पण निसर्गातील रंग अधिक सौम्य दिसतात. फाल्गुनात बहरणाऱ्या पळसाची फुले पाण्यात उकळली की केशरी-पिवळा रंग उतरतो. ही फुले पास्काच्या आधी ताजी मिळतात आणि वाळवून ठेवल्यास नाताळातही उपयोगी पडतात. सागाचे कोवळे पान चुरडून कागदावर घासले की तांबडी छटा येते. कोऱ्या चहाचा तपकिरी रंग तर घरोघरी उपलब्ध आहे. हळदीचा पिवळा रंग मात्र उन्हात लवकर फिका पडतो. फुले-पाने बांधावरचीच घ्यावीत. पेंचच्या संरक्षित जंगलातून काहीही तोडू नये.

रंग मऊ कापडाच्या बोळ्याने फिका लावावा. कागद ओला होऊन वाकतो, म्हणून तो सावलीत पूर्ण वाळवून जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावा. येथे घाई केल्यास पुढचे सारे बिघडते, कारण ओलसर कागदावर ठशाची कड फुटते.

ठसे

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. नाताळात तोच तारा होतो. बटाट्याचे दोन भाग करून त्यावर क्रूस, मेणबत्ती किंवा पान कोरता येते. जो भाग उमटावयाचा तो उंच ठेवून भोवतालचा काढून टाकावा. कापलेली बाजू कापडाने कोरडी करावी, अन्यथा आतील पाण्याने शाई पातळ होते. मग रंगात भिजविलेल्या स्पंजावर ठसा हलकेच टेकवून प्रथम रद्दी कागदावर आणि नंतर पत्रावर सरळ दाबावा. पार्श्वभूमी फिकी व ठसा गडद असला तरच चित्र उठून दिसते. ठशात अक्षरे उलटी कोरावी लागतात, म्हणून मजकूर हातानेच लिहिणे श्रेयस्कर. कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे. ठसे मुलांना उमटवू द्यावेत.

कोरी जागा

अर्धे पत्र कोरे ठेवावे, ही आमची आग्रहाची सूचना आहे. सजावट कितीही सुबक असली तरी पत्राचा प्राण त्या जागेत आहे. तेथे त्या व्यक्तीचे नाव आणि केवळ तिलाच लागू पडतील अशी दोन वाक्ये ठळक, मोठ्या अक्षरांत लिहावीत. म्हणून कागद कापण्यापूर्वीच नावे ठरवावीत: अंथरुणाला खिळलेले आजोबा, यंदा ज्या घरात दुःखद प्रसंग घडला ते कुटुंब, परगावी एकटा राहणारा विद्यार्थी. पन्नास पत्रांपेक्षा पाच पत्रे मनापासून करावीत.

शक्य असेल तेथे पत्र टपालाने न पाठविता मुलांना सोबत घेऊन स्वतः नेऊन द्यावे आणि घटकाभर बसावे. ज्याची दृष्टी अधू झाली आहे, त्याला ते वाचून दाखवावे. पहिल्या नाताळपत्राच्या कडेला जे चित्ररूपाने होते, ते अशा भेटीत प्रत्यक्ष उतरते.